साडेआठ इंचांचा पंजा आणि तीन राण्या

टोलेडो, ३ मे

तीर्थरूप टिलीताईस,

धाकट्या रोमनचा नमस्कार. (वाकून केला असता, पण माझा उजवा गुडघा आता वाकायला नाही म्हणतो, आणि डावा एकट्याने वाकला तर मी आडवाच होतो. तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे.) तुझी कंबर आता कशी आहे? तळघराच्या पायऱ्या उतरताना कठडा धरतेस ना? बदकं बसली का अंड्यांवर? आणि शेजारच्या गर्ट हाउझरशी तुझं बोलणं सुरू झालं, की अजून तुम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून फादर अल्बनच्या मार्फतच भांडता? इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे मी जिवंत आहे आणि नोकरी शाबूत आहे. याहून जास्त क्षेम फुटबॉलच्या कोचला मे महिन्यात मिळत नाही.

तुझं पत्र पावलं. पत्र कसलं, समन्सच ते! चर्चच्या तळघरातला आपला पत्त्यांचा डाव मी देशभरच्या पेपरांत नेला, त्यापायी बिशपसाहेबांनी फादर अल्बनना फोन करून ‘तुमच्याकडे नक्की काय चालतं?’ म्हणून विचारलं, आणि एवढं करून आपल्या बाबांचं नाव घालवलं, असं तू चार पानं भरून लिहिलं आहेस. सगळं मान्य. माफी मागणार नाही. बिशपसाहेबांना सांग की आम्ही राजम्याच्या दाण्यांवर खेळतो, एका सेंटचाही जुगार नाही. आणि बाबांचं नाव वगैरे काही गेलेलं नाही. बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं, आणि पेपरवाला दारात आला असता तर त्याच्या हातात शेण काढायचं फावडं दिलं असतं. मी निदान कॉफी तरी पाजली.

आता माझं म्हणणं ऐक, आणि गर्टलाही वाचून दाखव, कारण आम्ही खेळाडू गुरांच्या बाजारातून आणल्यासारखे आणतो असं तिला अजून वाटतं. (फारशी चुकत नाही ती.) एप्रिलच्या शेवटी सगळे संघ कॉलेजातली पोरं निवडायला बसतात. गेल्या मोसमात जो सगळ्यांत वाईट खेळला त्याला पहिली निवड, मग त्याहून जरा बऱ्याला, असं करत करत. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. तेवढ्यात नाव सांगितलं नाही तर मागचा संघ उडी मारून आपलं नाव देऊ शकतो. आम्ही सोळातले बारा सामने हरलो होतो, त्या पुण्याईवर आमचा नंबर चौथा आला. आणि आम्हाला हवा होता क्वार्टरबॅक. मैदानात बाकीचे एकवीस जण एकमेकांवर आदळण्याचं काम करतात. विचार करायचा तो या एकाने. चार दैत्य अंगावर चाल करून येत असताना तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं की चेंडू कुणाकडे फेकायचा. मी तीस वर्षं पोरांना एकच गोष्ट घसा फोडून सांगत आलोय: ठरवून चुकलास तर मी तुला माफ करीन, न ठरवता उभा राहिलास तर करणार नाही. हे वाक्य लक्षात ठेव. पुढे लागेल. (खरं म्हणजे लागलं नाही तर बरं.)

असा पोरगा ओळखायचा कसा? आमच्या धंद्यात त्याचं एक शास्त्र झालंय. फेब्रुवारीत देशभरची तीनशे पोरं एका छपराखाली चड्डीवर उभी करतात आणि वजन, उंची, धाव, उडी सगळं मोजतात. दात तेवढे मोजत नाहीत, कारण निम्म्यांना ते नसतात. आणि क्वार्टरबॅक असला की त्याचा पंजा मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. या कामासाठी आमच्याकडे पगारी माणूस आहे. शिंप्यासारखी फीत गळ्यात घालून फिरतो आणि स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवतो. चॅड विंटरबोर्नचा पंजा भरला दहा इंच. चॅड कॅलिफोर्नियाचा, उंचीने दाराच्या चौकटीला लागणारा. सत्तर यार्ड चेंडू फेकतो आणि फेकून झाल्यावर कॅमेरा कुठे आहे ते बघतो. ओरिन पेल्कीचा पंजा भरला साडेआठ. ओरिन वरच्या मिशिगनचा, लाकूडतोड्याचा मुलगा, पायात बूट घालून पाच फूट अकरा. त्याच्या कॉलेजात एप्रिल उजाडला तरी फावड्याने बर्फ उपसून मैदान शोधावं लागतं. फीतवाला मला म्हणाला, ‘कोच, या हातात ओला चेंडू राहायचा नाही.’ मी म्हटलं, ‘अरे, माझ्या बहिणीचा हात सात इंचांचा आहे, आणि तिने लाथाळ गायी तीस वर्षं दोहल्या.’ त्याने ते वहीत टिपून घेतलं. काय टिपलं देव जाणे.

आमचे मालक प्रेविटसाहेब यांचा दारांच्या बिजागऱ्यांचा कारखाना आहे, त्यामुळे त्यांना दाराएवढी माणसं आवडतात. म्हणाले, ‘रोमन, उंच पोरगा घे. लोक उंच पोरगा बघायला येतात.’ उंच वाढला एरंड तरी होईना इक्षुदंड, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. (मनात.)

आणि मग मी माझी पद्धत वापरली, जिच्यावर आज सारा देश हसतोय. हसू दे. लेंटच्या उपासातल्या दोन वेगवेगळ्या शुक्रवारी मी दोघांना एकेक करून मिलवॉकीला बोलावलं, मैदानावर चेंडू फेकून घेतले, आणि मग गाडीत घालून तासभर उत्तरेला, आपल्या सेंट वेंडेल चर्चच्या तळघरात, तळलेल्या माशाच्या जेवणाला आणलं. पुढचं तुझ्यासमोरच घडलं, पण तू तुझ्या पत्रात ते इतकं उलटसुलट लिहिलंयस की मला पुन्हा सांगणं भाग आहे.

शीप्सहेड हा खेळ प्रेविटसाहेबांना मी असा समजावला होता: या खेळात राणी राजाला मारते, एक्क्यालाही मारते, राजा बिचारा नुसता ओझ्याचा धनी, थोडक्यात आपल्या घरासारखं. पाच जण बसतात. मधे दोन पानं पालथी पडलेली असतात, त्यांना आम्ही आंधळी म्हणतो. जो आंधळी उचलेल तो एका बाजूला, आणि त्याचा एक जोडीदार, जो एखादा एक्का बाळगून गुपचूप बसलेला असतो आणि शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. बाकी तिघं त्यांच्या जिवावर उठलेले. आंधळीत काय आहे ते उचलण्याआधी कळत नाही, आपलं माणूस कोण ते खेळण्याआधी कळत नाही, आणि हरलो तर दोष उचलणाऱ्याचा. याहून नेमकी क्वार्टरबॅकची नोकरी कुणी वर्णन करून दाखवावी! आणि हातात चांगली पानं असून जो भिऊन आंधळी उचलत नाही त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते साहेबांना सांगितलं: भिंतवाला. भिंतीआड बसणारा. आपल्या गावात माणूस दारू पिऊन ट्रॅक्टर तळ्यात घालू शकतो, लोक दोर घेऊन मदतीला येतात. भिंतवाल्याला मात्र कुणी कॉफी विचारत नाही.

तर पहिल्या शुक्रवारी चॅड. बटाट्याची धिरडी नको म्हणाला (तळलेलं खात नाही म्हणे!), पण खेळ वीस मिनिटांत शिकला. फादर अल्बन तर म्हणाले, ‘अहो, याला सेमिनरीत घाला, पाद्री होईल.’ चौथा डाव. तू पास, गर्ट पास, फादर पास. चॅडने पानं बघितली, हसला, म्हणाला पास. माझ्या हातात नुसता पाला होता, मीही पास. कुणीच आंधळी उचलली नाही की उलटा न्याय, ज्याचे गुण कमी तो जिंकतो, तसा डाव सुरू झाला. आणि चॅडच्या हातातून एकेक राणी बाहेर पडायला लागली. किलवरची. मग इस्पिकची. मग बदामची! तिसरी राणी पडली तेव्हा तू टेबलाखाली माझ्या त्याच उजव्या गुडघ्याला लाथ मारलीस. डाव चॅडने जिंकला, राजम्याचे दाणे ओढून घेतले आणि म्हणाला, ‘धोका कशाला घ्यायचा? बघा, न उचलताच जिंकलो!’ गर्टने पानं खाली ठेवली आणि ती कपबशा धुवायला उठून गेली. चॅडने मला हळूच विचारलं, ‘कोच, त्यांना बरं वाटत नाही का?’

दुसऱ्या शुक्रवारी ओरिन. धिरडी सात खाल्ली, सफरचंदाचा गर बोटाने पुसून खाल्ला. खेळ शिकायला मात्र दीड तास लागला. किलवरची राणी एक्क्याहून मोठी हे त्याने गर्टला चार वेळा विचारलं, आणि चौथ्यांदा ती म्हणाली, ‘बाळा, माझ्या नवऱ्याला कळायला लग्नानंतर नऊ वर्षं लागली, तू सावकाश घे.’ मग त्याने आंधळी उचलली. हातात काय? दोन गुलाम आणि एक मरतुकडी चौकट. जोडीदारासाठी बदामचा एक्का मागितला, तो होता तुझ्याकडे. आणि तू, टिलीताई, चाळीस वर्षं एकही पान न चुकलेली बाई, तू आपली इस्पिकची दश्शी गर्टच्या पदरात टाकलीस! दहा गुण गेले. अठ्ठावन्न विरुद्ध बासष्ट, हरला. कॉफीच्या वाफेने चष्म्यावर धुकं आलं असं तू म्हणालीस. ओरिनने तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘माझंच चुकलं. मी गुलाम फार लवकर खेळलो.’ आणि पुढच्या डावाला पुन्हा आंधळी उचलली. पुन्हा हरला. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा त्याच्याकडे दाणे उरले नव्हते, ते फादर अल्बननी उसने दिले. नंतर तू स्वयंपाकघरात कोबीच्या कोशिंबिरीचं भांडं खरवडत होतीस, मी टॉवेल घेऊन उभा होतो. तू वर न बघता म्हणालीस, ‘रोमन, पोरगा मूर्ख आहे. पण उचलतो.’

बस्स. माझ्यासाठी निवड तिथेच झाली. फीतवाल्याने फीत गुंडाळून खिशात घालावी.

आता निवडीचा दिवस. मंगळवारी सकाळी आठ वाजता आम्ही टोलेडोच्या कचेरीत बसलो. न्यूयॉर्कला एका हॉटेलच्या दिवाणखान्यात आमचा लू नावाचा माणूस फोन कानाला लावून बसलेला. आम्ही नाव सांगायचं, त्याने चिठ्ठीवर लिहून नेऊन द्यायचं. आमचा नंबर आला. चॅड आणि ओरिन दोघंही शिल्लक. पेपरात तू वाचलंच असशील की ‘जुन्या कोल्ह्याने पंधरा मिनिटं मुद्दाम वाया जाऊ दिली, मागच्या ओमाहावाल्यांना मोह पाडला, ते उडी मारून चॅडला घेऊन गेले, आणि टोलेडोने निवांतपणे आपला माणूस उचलला.’ माझ्याबद्दल पेपरात आलेलं ते एकच बरं वाक्य आहे, तेव्हा मी त्यात ढवळाढवळ करत नाही. मी टेबलावर मूठ आपटून ‘ओरिन पेल्की!’ असं ओरडलो, कॉफीचं भांडं फीतवाल्याच्या मांडीवर कलंडलं, एवढं शंभर टक्के खरं आहे. (मूठ किती वाजता आपटली वगैरे तपशिलात शिरण्याचं कारण नाही.)

दुसऱ्या दिवशी पत्रकार. खोलीत उभं राहायला जागा नाही. एकाने विचारलं, ‘कोच, साडेआठ इंचांचा पंजा?’ मी म्हटलं, ‘मी हातमोजे शिवत नाही.’ दुसरा म्हणाला, ‘तुम्ही त्याला म्हाताऱ्या बायकांबरोबर पत्ते खेळवून निवडलंत हे खरं का?’ (म्हाताऱ्या हा त्याचा शब्द. मी त्याला दम दिला, गर्टला आवर्जून सांग.) मी म्हटलं, ‘खरं. आणि तुमच्यापैकी एकालाही मी त्या टेबलावर बसवणार नाही, पहिल्याच डावात रडाल.’ तिसरा म्हणाला, ‘आणि तो नाहीच चालला तर?’ मग मी गळ्यातली शिट्टी काढली, बाबांनी दिलेली, पितळेची, आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. म्हटलं, ‘दोन मोसम. दोन मोसमांत या पोराने संघ जिंकता केला नाही तर ही शिट्टी तुमची आणि मी घरी.’ प्रेविटसाहेबांनी ते वाक्य दुपारपर्यंत टाइप करून आणलं, माझी सही घेतली आणि चौकटीत घालून कचेरीत लावलं. बिजागरीसकट. रोज येता जाता वाचतो. अक्षर छान आलंय.

तर हे असं आहे, टिलीताई. हसणाऱ्यांनी हसावं, बिशपसाहेबांनी फोन करावेत. मी एकोणसाठ वर्षांचा आहे, माझा एक गुडघा गेलाय, पण मी अजून आंधळी उचलतो, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. फादरना नमस्कार, गर्टला नमस्कार (परस्पर तूच दे, तेवढंच बोलणं होईल), बदकांना आशीर्वाद.

तुझा हट्टी भाऊ,
रोमन

ता. क. एक बारीकसं काम होतं. ओरिनला इथे घराबाहेर पडवत नाही. वाण्याकडे दूध आणायला गेला तर तिथल्या माणसाने काउंटरवर फूटपट्टी ठेवली, ‘जरा हात दाखव’ म्हणून. सरावाचं शिबिर जुलैत. तोवर त्याला तुझ्याकडे पाठवू का? माडीवरच्या खोलीत, जिथे मी आणि आपला लिअँडरदादा झोपायचो. खातो फार, पण लाकडं फोडून देईल. संध्याकाळी चेंडू झेलायला फादर अल्बनना उभं कर; त्यांचे पंजे मी मोजलेत, दहा इंच भरतात. आणि रोज रात्री जेवणानंतर त्याला पत्त्यांना बसव. जिंकू देऊ नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. त्या संध्याकाळी तुझा चष्मा कॉफीने धुकटला नव्हता, टिलीताई. तू तो कपाळावर सारला होतास आणि माझ्याकडे बघत ती दश्शी टाकलीस, पोरगा कुणावर ओरडतो ते बघायला. तुझी लबाडी मला ठाऊक आहे, तेव्हा माझीही तुला ठाऊक असू दे. आमचा नंबर आला तेव्हा प्रेविटसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘रोमन, तू म्हणशील ते नाव. फक्त ते तू म्हटलंस हे मी विसरणार नाही.’ एवढंच. ओरिनचं नाव माझ्या जिभेवर होतं, आणि हातात तीस वर्षांच्या सगळ्या राण्या होत्या. आणि मी म्हटलं, ‘तुम्ही म्हणाल तसं, साहेब.’ ते म्हणाले, ‘नाही, तू सांग.’ मी म्हटलं, ‘छे, तुमचा संघ.’ पंधरा मिनिटं, ताई. तिकडे लू फोनमध्ये रडकुंडीला आला होता. मला कुणाला फसवायचं नव्हतं की मोह पाडायचा नव्हता, मी भिंतीआड बसलो होतो. ओमाहावाले उडी मारून चॅडला घेऊन गेले, निवडायला दुसरं कुणी उरलंच नाही, आणि तेव्हा मी मूठ आपटली. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

त्याच दुपारी ओरिनचा फोन आला. म्हणाला, ‘कोच, एकच विचारतो. तुम्ही मला निवडलंत, की मी उरलो होतो?’ मी म्हटलं, ‘निवडलं.’ तो इतका खूश झाला की फोन ठेवायचं विसरला. पलीकडे तो त्याच्या आईला सांगत होता ते मला सगळं ऐकू आलं. रात्रभर मला माझी लाज वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी शिट्टी टेबलावर ठेवली. उशिरा का होईना, उचलली. हे ओरिनला कळता कामा नये, आणि गर्टला तर मुळीच नाही, नाहीतर मला पुन्हा त्या तळघरात कुणी कॉफी विचारणार नाही.

ता. क. ३. माडीवरच्या खोलीतले पलंग दोन्ही अजून आहेत ना? दोन्हींवर चादरी घालून ठेव. ओरिनला एकच लागेल. पण माझी शिट्टी टेबलावर आहे, घालून ठेव.